परड्यातला पाणवठा

जानूने मूठभर भाताची रोपं तळ्याच्या कडेच्या दगडावर ठेवली. लोंब्या हिरव्या होत्या, दाण्यांत अजून दूधच होतं. काड्या चिखलात तुडवल्या जाऊन चपट्या झाल्या होत्या आणि त्यांना रानडुकराचा ओला, आंबट वास येत होता.

दत्ताराम उतेकर गुडघाभर पाण्यात उभा राहून शेवाळ काढत होता. तो तसाच थांबला.

"खालची दोन्ही खाचरं," जानू म्हणाला. "झोपवली नुसती."

दत्तारामने विचारलं, केवढा कळप होता, कुठल्या बाजूने आला. जानू तळ्याभोवतीच्या कुंपणाकडे बघत होता. करवंद, शिकेकाई आणि सागरगोटा एकमेकांत गुंतून पुरुषभर उंचीची काटेरी भिंत झाली होती. तिच्या बाहेरच्या अंगाला चिखलात खुरांचे ठसे होते, कुंपणाला घासून पुढे पुढे गेलेले. जनावरं आत शिरायला वाट शोधत फिरली होती आणि ती न सापडल्यावर उताराने खाली गेली होती. खाली जानूची खाचरं होती.

"उन्हाळ्यात पाणी दाखवलंस दत्ता, नि मग दार लावलंस," जानू म्हणाला. "जनावरानं जायाचं कुठं?"

तो रागाने बोलला असता तर दत्तारामलाही दोन शब्द सुचले असते. पण जानू गुरांच्या आजाराबद्दल बोलावं तसं बोलला आणि रोपं दगडावरच ठेवून निघून गेला. दत्ताराम पाण्यातून बाहेर आला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की तळ्यातले बेडूक केव्हाचे गप्प झाले आहेत.

जानू त्याचा चुलतभाऊ. वयाने मोठा, म्हणून तो त्याला जानूदादा म्हणे. आंबेकोंड ही त्यांची वाडी पोलादपुराहून उमरठकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत, डोंगराच्या कुशीत. वाटणीत जानूच्या वाट्याला खालची भाताची खाचरं आली आणि दत्तारामच्या वाट्याला घरामागचं उताराचं परडं आलं. परड्यात दगड आणि गवत यांपलीकडे काही नव्हतं. तेव्हा त्याची दत्तारामला खंत वाटली नाही, कारण तो वीज मंडळात वायरमन होता आणि त्याचं पोट खांबांवर चालत होतं. तालुक्यातल्या डोंगरवाड्यांत असा खांब नसेल ज्यावर तो चढला नाही. पावसाच्या तोंडावर तारांना लागणाऱ्या फांद्या तोडायच्या, वादळात तुटलेल्या तारा जोडायच्या, आणि कुणाच्या घरी लाईट गेली की जेवणावरून उठायचं, यात त्याची नोकरी सरली.

तळीयेला दरड आली त्या पावसात त्यालाही तिकडे पाठवलं होतं, मोडलेले खांब उभे करायला. तिथून आल्यावर तो बरेच दिवस घरात नीट बोलला नाही. गीताने, त्याच्या बायकोने, विचारायचं सोडून दिलं. मग एके दिवशी तो परड्याच्या वरच्या उतारावर खड्डे खणताना दिसला. उंबर, भोकर, कुंभा, मिळेल ते झाड तो आणून लावू लागला. कुणी विचारलं तर माती धरून ठेवायला, एवढंच सांगे.

निवृत्तीनंतर त्याचा सगळा दिवस परड्यात जाऊ लागला. वरच्या झऱ्याचं पाणी अडवून त्याने छोटं तळं केलं. त्याची एक कड उतरती ठेवली, पाखरांना आणि बेडकांना उतरता यावं म्हणून. त्या कडेचे दगड जानूनेच त्याच्याबरोबर वाहून आणले होते. वठलेला आंबा त्याने तोडला नाही. त्याच्या खोडात तांबट पक्ष्याने भोक पाडलं. दगडांची एक रास मुद्दाम तशीच ठेवली, तिच्यात मुंगूस राहायला आलं आणि पलीकडच्या अंगाला धामण. लिंबाचं एक झाड त्याने फुलपाखरांच्या अळ्यांना सोडून दिलं होतं. त्याची पानं चाळणीसारखी झाली तरी तो हात लावत नसे. दुसऱ्या लिंबावरच्या अळ्या उचलून या झाडावर आणून सोडी. शंखी गोगलगायी मात्र वेचून मिठाच्या पाण्यात टाकायच्या. फवारणी नाही, उंदराची गोळी नाही. कोण हवं आणि कोण नको हे त्याचं त्याने ठरवलेलं होतं, आणि काही वर्षं ते त्याच्या मनासारखं चाललं.

जानूची बायको ठमाबाई सुरुवातीला धामणीच्या भीतीने परड्यात पाय ठेवत नसे. मग तिच्या माळ्यावरचे उंदीर कमी झाले, तशी तिची भीती गेली. देवाला सोनटक्क्याची फुलं न्यायला ती रोज सकाळी येऊ लागली. येताना गवताचा भारा बाहेर टेकवायची आणि तळ्याशी घटकाभर बसायची. तुमच्या बेडकांनी रात्री डोळ्याला डोळा लागू दिला नाय भावजी, अशी तक्रार करायची आणि करता करता हसायची. गीताशी तिचं बहिणीसारखं होतं.

पण वैशाखात वरचे सगळे झरे आटले आणि डोंगरात पाणी राहिलं ते दत्तारामच्या तळ्यातच. तेव्हा डुकरं आली. त्यांनी एका फेरीत सुरण आणि करांद्यांचे वाफे उलथेपालथे केले, तळ्याची कड फोडली. त्यानंतर दत्तारामने कुंपण घातलं. काटेरी झाडं लावली, त्यांच्या फांद्या एकमेकांत विणल्या. ससा आणि मुंगूस जाईल एवढी भोकं खाली आणि घराकडून माणसापुरतं फाटक, एवढंच मोकळं ठेवलं. दोन पावसांत कुंपण इतकं दाट झालं की त्याच्यातून कुत्रंही जाईना. त्याला त्याचा फार अभिमान होता. डोंबिवलीहून आलेल्या लेकीला, अंकिताला, त्याने हाताला धरून सगळ्या बाजूंनी ते फिरवून दाखवलं होतं.

डुकरांनी मात्र वाट सोडली नव्हती. आता पाणी सगळीकडे होतं, तरी ती येत. आतल्या कंदांचा वास घेत कुंपणाला वळसा घालत आणि खाली उतरत. हे दत्तारामला दिसत नव्हतं असं नाही. ठसे तो रोज बघत होता. ते पुढे कुठे जातात, याचा त्याने विचार केला नव्हता.

गौरी-गणपती झाल्यावर जानू पुन्हा आला. या वेळी त्याच्या हातात काही नव्हतं. वनखात्याचा माणूस फोटो काढून गेला होता, फटाके वाजवून झाले होते, जानूने चार रात्री माचावर बसून डबा बडवला होता. त्याने गीताकडून पाणी मागून घेतलं, दत्तारामची आणि मुलीची खुशाली विचारली आणि मग हळूच विषय काढला. खाचराभोवती लाईट सोडलेली तार ओढायची होती. ती तापत नाही ना, बोर्डावर लोड येतो का, एवढंच त्याला विचारायचं होतं.

दत्तारामने त्याला पुढे बोलू दिलं नाही. घाटाकडच्या एका वाडीत असाच एक माणूस स्वतःच्या नाचणीच्या कुंपणाला चिकटला होता. त्याला सोडवायला दत्ताराम गेला होता. ते कसं दिसलं, त्या माणसाची बोटं कशी उघडावी लागली, हे त्याने जानूला सांगितलं. गीतालाही त्याने ते कधी सांगितलं नव्हतं. ती चुलीकडून उठून आत गेली.

जानूने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तुला तुझी पाखरं हायत. मला भात हाय."

यानंतर काही दिवस पावसाने ओढ दिली. दत्ताराम सकाळी परड्यात जाई तेव्हा आधी कुंपणाभोवती फिरून ठसे बघे. ठसे होते. पण जानूची काही तक्रार येत नव्हती. ठमाबाई फुलांना येत होती, पण बसत नव्हती. तिची नजर खाली असायची आणि फुलं घेतली की ती लगेच निघायची. गीताने तिला एकदा विचारलं, बरं वाटत नाही का. ती म्हणाली, काय नाय, उशीर होतो.

मग एका सकाळी दत्तारामला मुंगूस सापडलं, त्याच्या परड्याच्या खालच्या बांधावर. दगडांच्या राशीतलंच ते. त्याच्या पुढच्या पायावर एक काळी, बारीक रेघ होती आणि तोंड उघडं होतं. दत्तारामने ते उचललं नाही. तो खाली वाकला आणि त्याला जळलेल्या केसांचा वास आला. नोकरीत या वासाची त्याच्या नाकाला इतकी ओळख झाली होती की क्षणभर त्याला आपण खांबाखाली उभे आहोत असंच वाटलं.

तो बांध उतरून जानूच्या खाचराकडे गेला. बांबूच्या खुंट्या, त्यांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे, आणि त्यावरून घोट्याच्या वर ओढलेली बारीक लोखंडी तार. काम नीटनेटकं होतं. तारेचं एक टोक गवतातून जानूच्या घराकडे गेलं होतं.

जानू ओटीवर होता. दत्ताराम काही विचारायच्या आधीच तो म्हणाला की दिवसा बंद असते, उजाडायच्या आत आपण स्वतः बटण बंद करतो, मगच ही गवताला बाहेर पडते. ठमाबाई दारात उभी राहून रडू लागली. तिला ते नको होतं हे दिसत होतं, आणि नवऱ्याला तसं सांगण्याचं धाडस तिच्यात नव्हतं हेही दिसत होतं. दत्ताराम परत खाचराकडे गेला. त्याने तार सोडवली, वेटोळं केलं, आणून जानूच्या पायरीवर ठेवलं.

"दादा, परत लावलीस तर मी ऑफिसात जाऊन सांगणार," तो म्हणाला. "भाऊ म्हणून गप्प नाय बसायचो."

जानूने वेटोळ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दत्ताराम खरंच पोलादपूरला गेला. ऑफिसच्या आवारात हर्षद भेटला. त्याच्याच हाताखाली शिकलेला, आता या भागाच्या लाइनी बघणारा. दोघांनी टपरीवर चहा घेतला. दत्ताराम घरून निघतानाच वाक्य जुळवून आला होता. चहाचा ग्लास रिकामा होईपर्यंत ते त्याच्या तोंडात होतं. एकदा कळवलं की पंचनामा होणार, मीटर निघणार, जानूवर गुन्हा दाखल होणार. जानूचा मुलगा विपुल बिरवाडीला खोली घेऊन राहत होता, कंपनीत नुकताच कायम झाला होता. आणि तार तर काढलेली होती. हर्षदने विचारलं, "काका, काय काम होतं?" तेव्हा दत्ताराम म्हणाला की वाडीच्या वळणावर जांभळाच्या फांद्या तारांना टेकायला आल्यात, तेवढ्या बघ. हर्षदने बघतो म्हणून सांगितलं.

परत येताना तो गाडीत बाहेर बघत बसला होता. घरी आल्यावर त्याने कोयता घेतला आणि कुंपणाची डोंगराकडची बाजू तोडायला सुरुवात केली.

गीता धावत आली. तिने त्याचा हात धरला. एवढ्या वर्षांची मेहनत, आणि डुकरांना आत घ्यायचं? दत्तारामने तिला सांगितलं की त्यांना इथेच पोटभर मिळालं तर ती खाली जाणार नाहीत. सुरण गेला तर जाऊ दे, अळू जाऊ दे. सागरगोट्याच्या काट्यांनी त्याचे हात कोपरापर्यंत फाटले होते. बैलगाडी जाईल एवढी वाट झाली तेव्हा तो थांबला आणि खाली जाऊन जानूला सांगून आला. जानू फक्त "बघू" म्हणाला.

डुकरं आली. सकाळी परडं ओळखू येईना. सुरणाचे वाफे म्हणजे खड्डे झाले होते, तळ्याचं पाणी गढूळ आणि त्यावर अळूची पानं फाटून तरंगत होती. दगडांची रास विस्कटली होती. दत्ताराम त्या चिखलात उभा राहिला आणि त्याला चक्क बरं वाटलं. खालच्या बांधावर त्या दिवशी एकही ठसा नव्हता. पुढचे काही दिवस असंच गेलं. तो रोज बांधापर्यंत जाऊन बघे आणि तिथूनच परत फिरे. बांधाच्या पलीकडे उतरून जानूचं खाचर बघावं असं त्याच्या मनात येई, पण भावावर संशय घेतल्यासारखं होईल म्हणून तो थांबे. निदान तो स्वतःला तसं सांगे.

परड्यातले कंद संपले, तसा कळप मोठा होऊन पुन्हा खाली उतरला. ही बातमी ठमाबाईनेच गीताला दिली. वरच्या खाचराचा कोपरा गेला, ती म्हणाली. तार परत लावली का, हे गीताने विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. संध्याकाळी गीताने ते दत्तारामला सांगितलं. त्याने जेवण अर्धवट टाकलं, हात धुतले आणि बाहेर जाऊन ओटीवर बसला. उद्या बघतो, तो म्हणाला.

उद्या पाऊस आला. परतीचा पाऊस, विजांसकट. भर दुपारी इतकं अंधारलं की गीताने दिवा लावला, आणि दिवा लावल्याबरोबर लाईट गेली. वाऱ्याने वाडीवरचे पत्रे वाजत होते. वरच्या डोंगरावर काही तरी मोठं कोसळल्याचा आवाज आला. दत्ताराम उठून दारात गेला आणि बराच वेळ आवाजाच्या दिशेने बघत उभा राहिला. संध्याकाळी पाऊस थांबला तरी लाईट आली नाही.

अंधार पडायच्या सुमाराला ठमाबाई कंदील घेऊन आली. नळाची मोटर बंद, पाणी नाही, मोबाइल मेलेला. विपुलचा फोन यायचा होता. वाडीतल्या कुणाचीही लाईट गेली की लोक दत्तारामकडेच येत. निवृत्त झाला तरी त्यात फरक पडला नव्हता.

"भावजी, जरा फोन लावा ना त्यांना," ती म्हणाली. "तुमचं ऐकतात."

दत्तारामने हर्षदला फोन लावला. हर्षद दिवसभर तीन-चार ठिकाणी फिरून दमला होता, आंबेकोंडाचं उद्या दुपारी करू म्हणत होता. दत्तारामने त्याला वळणावरच्या जांभळाची आठवण करून दिली. फांदी पडून तिथलाच जंप, खांबावरचा तारेचा जोड, सुटला असणार, बाकीची लाइन शोधत बसू नकोस, थेट त्या खांबावर जा, पहाटे निघालास तर लवकर मोकळा होशील. हर्षद बरं म्हणाला. ठमाबाईने सगळं ऐकलं होतं. ती समाधानाने हसली. जाताना म्हणाली, सोनटक्का फुलला असेल ना हो पावसानं, सकाळी येते.

दत्तारामच्या जिभेवर होतं, तारेचं विचारावं. पण लाईट नव्हती. लाईट नसताना तार म्हणजे नुसतं लोखंड. सकाळी ती आली की तिलाच विचारू, असं त्याने ठरवलं.

तो उठला तेव्हा नुकतं फटफटत होतं. गीता चूल पेटवत होती. परड्यातून पहिला दयाळ बोलला. मग घरातला पंखा कुरकुरला, हलला आणि फिरायला लागला. बाहेरच्या खोलीत कालपासून बटण चालूच राहिलेला दिवा लागला.

"आली गो बाय," गीता स्वतःशीच म्हणाली.

दत्तारामच्या चेहऱ्यावर हसू आलं. हर्षदने त्याचं ऐकलं होतं. तो पंख्याकडे बघत उभा होता, आणि बघता बघता त्याला जानूची तार आठवली.

तो अनवाणी धावला. खाचराकडे नाही, जानूच्या घराकडे. नोकरीत इतक्या वर्षांत अंगात भिनलं होतं ते हेच, आधी माणसाकडे नाही जायचं, आधी लाईट तोडायची. तो ओरडत होता, काय ते त्याला कळत नव्हतं. जानू मागच्या दाराशी तोंड धूत होता. दत्तारामने त्याला ढकलून आत जाऊन मेन स्विच खाली ओढला, मग बोर्डातली पिन उपटली. पिनेची वायर खिडकीतून बाहेर गेली होती. रात्री लाईट आलीच तर असावं म्हणून जानूने बटण संध्याकाळीच चालू करून ठेवलं होतं.

"ठमावयनी कुठं हाय?"

जानू तोंडावरचं पाणी न पुसता त्याच्याकडे बघत राहिला.

ती वरच्या खाचराच्या बांधावर होती. विळा हातातून सुटून पडला होता, कापलेलं गवत बाजूला नीट ठेवलेलं होतं. एक पाय चिखलात, दुसरा तारेवर. आदल्या दिवशीच्या पावसाने सगळी जमीन भिजलेली होती. लाईट तोडलेली होती, तरीही दत्तारामने वाळका बांबू घेऊन तार बाजूला केली. मग तो तिच्याशेजारी बसला, तिची छाती दाबली, तोंडाने श्वास दिला, शिकवलं होतं ते सगळं केलं. गीता आली, वाडीतली माणसं आली. कुणी तरी त्याचे खांदे धरून त्याला मागे घेतलं तेव्हा ऊन खाचरात उतरलं होतं.

पोलीस आले तेव्हा जानू त्यांना एकच गोष्ट सांगत होता, पुन्हा पुन्हा, त्याच शब्दांत. "ती मला बोलली, बंद केलंव काय. मी बोललो, लाईटच नाय गो. जा बिनघोर."

हवालदाराने वाडीतल्या प्रत्येकाला विचारलं, तारेचं माहीत होतं का. प्रत्येकाने नाही म्हणून सांगितलं. जानूला वाचवायला म्हणा, स्वतःला वाचवायला म्हणा. दत्तारामच्या आधी उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने त्याच्याकडे बघून मान हलवली, तूही नाहीच म्हण, अशी.

"माहीत होतं," दत्ताराम म्हणाला. "मी एकदा काढून ठेवली होती. परत लावली तर कळवीन म्हणून सांगितलं होतं. कळवलं नाय."

लिहिणाऱ्याने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा लिहायला घेतलं. या जबाबाने काय होईल हे दत्तारामला नंतर कळलं. जानूला आधी ताकीद मिळाली होती, तरी त्याने तार लावली, असं त्यातून सिद्ध होत होतं. गुन्हा त्यामुळे आणखी घट्ट झाला. त्या दुपारी सावित्रीकाठी ठमाबाईला अग्नी दिला तेव्हा जानूच्या दोन्ही बाजूंना पोलीस होते. तिथूनच त्याला गाडीत बसवून नेलं.

बाराव्याला दत्ताराम एका कडेला बसला होता. त्याच्या शेजारी कुणी बसलं नाही. वाडीत दोन तऱ्हेचं बोलणं होतं. काहींचं म्हणणं होतं की त्याच्या तळ्याने डुकरं आणली. काहींचं म्हणणं होतं की त्याने भावाला आत घातलं. विपुल डोकं भादरून बसला होता. लोक उठून गेल्यावर तो दत्तारामपाशी आला. त्याचा आवाज चढला नाही.

"काका, तेव्हा सांगितलं असतंत तर बाबा आत गेले असते, आई घरात असती," तो म्हणाला. "तुम्ही आत्ता सांगितलंत."

मग तो बिरवाडीची गाडी धरायला निघून गेला.

खाचरातलं उरलेलं भात पिकून लवलं. कापायला कुणी नव्हतं. विपुलला रजा नव्हती आणि वाडीतलं कुणी त्या बांधावर पाय ठेवायला तयार नव्हतं. दत्ताराम आणि गीता सकाळी उठून गेले. गीता बांधाशी आली आणि थबकली. त्याने आधी खुंट्या उपटून एका बाजूला टाकल्या, खाचराभोवती एक फेरी मारली, हाताने गवत चाचपून बघितलं. मग तिला ये म्हणाला. कापणी संपेपर्यंत दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलली. झोडणी झाली, भात त्यांनी पाठीवरून वाहून जानूच्या ओटीवर पोत्यांत भरून ठेवलं आणि वर ताडपत्री टाकली.

कुंपणाला पाडलेली वाट दत्तारामने बुजवली नाही. डुकरं केव्हाही येत, केव्हाही जात. तळ्याची कड ढासळली, पाणी अर्ध्यावर आलं. धामण कुठे गेली कळलं नाही. माळ्यावर उंदीर झाले, रात्रभर त्यांची खुडबुड चाले. गीता म्हणाली, गोळ्या आणू का. तो उठून बाहेर गेला, म्हणून तिने आणल्या नाहीत. सकाळी सवयीने तो परड्यात जाई आणि वठलेल्या आंब्याखाली नुसता बसून राही. सोनटक्का फुलून फुलून वाळला. तो कुणी तोडला नाही.

थंडी पडल्यावर जानू जामिनावर सुटून आला. तो आल्याचं कुणी पाहिलं नाही. संध्याकाळी त्याच्या घराचं दार उघडं दिसलं एवढंच. चूल पेटल्याचा धूर दिसला नाही. गीताने भात, कुळथाचं पिठलं आणि सुक्या बोंबलाची चटणी असा डबा भरला आणि दत्तारामच्या हातात दिला. त्याने तो तिच्याकडे परत सरकवला. मग पुन्हा घेतला आणि गेला. जानू आतल्या अंधारात भिंतीला टेकून बसला होता. दत्तारामने डबा उंबऱ्यावर ठेवला. जानूने मान वर केली नाही.

सकाळी डबा तसाच उंबऱ्यावर होता, मुंग्या लागलेला. गीताने तो धुतला आणि संध्याकाळी पुन्हा भरला. असं काही दिवस चाललं. दत्ताराम ठेवून येई, आणि आणून कावळ्यांना घाली. मग एके सकाळी डबा उंबऱ्यावर नव्हता. दत्ताराम बाहेर घुटमळला, हाक मारावीशी वाटली, मारली नाही, घरी परतला.

दुपारी गीता दळण घेऊन बसली होती. अंगणात सावली पडली म्हणून तिने वर पाहिलं. जानू उभा होता. तो फार वाळला होता, सदरा खांद्यावरून लोंबत होता. त्याने डबा पायरीवर ठेवला. गीता घाईने उठून बसा म्हणाली, चहा टाकते म्हणाली. तो नको अशा अर्थाने हात हलवून परत फिरला. दत्ताराम आतून दारापर्यंत आला होता. अंगणाच्या कडेला जानू थोडा थांबला, मागे न बघता. मग उतरून गेला.

डबा घासूनपुसून लखलखीत केलेला होता, पण तो जड लागला. गीताने झाकण काढलं. आत तांदूळ होते, नव्या भाताचे. ते गिरणीतले नव्हते. अर्धे तुटलेले होते आणि निम्म्याहून जास्त दाण्यांवर टरफल तसंच होतं. जानूच्या घरचं उखळ ठमाबाईशिवाय कुणी हाताळलेलं नव्हतं. जानूला कांडता येत नव्हतं.

दत्ताराम पायरीवर बसला. गीताने सूप आणलं, तांदूळ त्यात पसरले आणि पाखडायला उचललं. मग पाखडलं नाही. सूप तसंच मांडीवर घेऊन ती टरफलाचा एकेक दाणा वेचून बाजूला काढू लागली. दत्ताराम बघत होता. थोड्या वेळाने तो तिच्याजवळ सरकला आणि त्यानेही सुपात हात घातला.